कामाची कीर्द आणि कामाचें प्रात्यक्षिक

संगणकाच्या आज्ञावली रचण्याच्या धंद्यांत आम्ही आज कित्येक वर्षें आहों, तरी आमच्या वडिलांचा एक प्रश्न अद्याप कायम आहे : "दिवसभर तिथें बसून तुम्ही करतां तरी काय?" सुतार संध्याकाळीं घडविलेली खुर्ची दाखवूं शकतो, शिंपी शिवलेला सदरा दाखवूं शकतो, आम्हीं मात्र दिवसभर राबून अखेर चार ओळी बदललेल्या असतात, आणि त्या घरच्या माणसांस दाखवाव्या तर त्यांस त्यांत कांहींच दिसत नाहीं. हा प्रश्न आमच्या घरापुरताच आहे असें मात्र नाहीं. ज्यांच्यासाठीं आज्ञावली लिहावयाची, जे तिचे पैसे देतात व जे ती पुढें रोज वापरणार, तेही हेंच विचारीत असतात. त्यास उत्तर म्हणून दर पंधरवड्यास किंवा महिन्यास झालेल्या कामाचें एक प्रात्यक्षिक करून दाखविण्याची चाल आमच्या धंद्यांत पडली आहे. तिला लहानथोर सर्व 'डेमो' असेंच म्हणतात. शाळेंतील मुलेंही आतां विज्ञान-प्रदर्शनांत आपापल्या आज्ञावली मांडूं लागलीं आहेत व त्यांचे पालक त्या पाहावयास मोठ्या कौतुकानें येतात. तेव्हां हें प्रात्यक्षिक कसें तयार करितात, याविषयीं चार शब्द लिहिले तर ते उभयतांस उपयोगी पडतील असें आम्हांस वाटतें.

प्रात्यक्षिक म्हटलें कीं या शास्त्रांतील माणसांस प्रथम आठवतो तो ९ डिसेंबर १९६८ चा दिवस. त्या दिवशीं सॅन फ्रान्सिस्को येथें डग्लस एंगेलबार्ट यांनीं सुमारें हजार श्रोत्यांपुढें दीड तास आपलें काम करून दाखविलें. हातांत धरावयाचा माउस, पडद्यावर मजकूर लिहून तो तेथल्या तेथें बदलणें, एका शब्दावरून दुसऱ्या मजकुराकडे उडी घेणें, दूर बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा पाहत त्याच्याशीं बोलणें, ह्या आज घरोघरीं झालेल्या गोष्टी त्या दिवशीं पुष्कळांनीं प्रथमच पाहिल्या. त्यांचें यंत्र तेथून सुमारें तीस मैलांवर मेन्लो पार्क येथें होतें, व तें सभागृहाशीं जोडण्याची कारागिरी बिल इंग्लिश यांची. याच्या उलट प्रसंग २० एप्रिल १९९८ चा. शिकागो येथें बिल गेट्स यांच्या समक्ष 'विंडोज ९८' चें प्रात्यक्षिक चाललें असतां त्यांच्या सहकाऱ्यानें यंत्रास एक स्कॅनर जोडला मात्र, आणि सारा पडदा निळा होऊन काम थांबलें. सभागृह हंसलें, गेट्स यांनींही थट्टेनेंच वेळ मारून नेली.

आमचीं पाक्षिक प्रात्यक्षिकें एवढ्या थाटाचीं नसतात. १९९५ सालीं केन श्वेबर व जेफ सदरलँड यांनीं 'स्क्रम' नांवाची कार्यपद्धति लोकांपुढें मांडली; तिचा पुढें फार प्रसार झाला. तींत कामाचा एकेक टप्पा महिन्याहून मोठा नसावा, व टप्प्याच्या अखेरीस झालेलें काम संबंधितांपुढें ठेवून त्यांचें मत ऐकावें, असा दंडक आहे. आठदहा माणसें, एक भिंत, एक प्रोजेक्टर व चहा, एवढाच काय तो सरंजाम.

आतां नोंदीकडे वळूं. पंधरा दिवसांत सहासात माणसांनीं केलेले बारीकसारीक बदल कोणाच्याही लक्षांत राहणें शक्य नाहीं. १९७२ सालींच बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं आज्ञावलींतील बदलांची नोंद ठेवणारी एक व्यवस्था रचिली होती. आज बहुतेक ठिकाणीं 'गिट' ही व्यवस्था चालते. ती लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सच्या कामासाठीं एप्रिल २००५ मध्यें लिहावयास घेतली आणि थोड्याच दिवसांत गिटमधील बदलांची नोंद गिटच ठेवूं लागलें. काम करणारा आपला बदल पुरा झाला म्हणजे एक नोंद करितो, तिला 'कमिट' म्हणतात. त्या क्षणीं सर्व मजकूर कसा होता, बदल कोणीं व केव्हां केला, याच्या आधींची नोंद कोणती, आणि बदलाचें कारण काय, एवढें सर्व तींत असतें. शिवाय या साऱ्यावरून गणित करून सामान्यतः चाळीस चिन्हांची एक खूण काढिलेली असते. मागल्या नोंदींतील एक स्वल्पविराम जरी कोणीं हलविला, तरी तिची व तिच्या पुढील सर्व नोंदींची खूण बदलते. त्यामुळें झालेली गोष्ट गुपचूप न झालेली करतां येत नाहीं.

या नोंदींच्या यादीस 'लॉग' म्हणतात. शब्दाची हकीकत मौजेची आहे. पूर्वीं जहाजाचा वेग मोजण्यासाठीं दोरीस बांधलेला लांकडाचा तुकडा समुद्रांत टाकीत व ठराविक वेळांत दोरीच्या किती गांठी हातांतून सुटल्या तें मोजीत. त्या लांकडास 'लॉग' म्हणत, आणि तो आंकडा ज्या वहींत टिपीत तिला 'लॉगबुक'. खलाशांचें लांकूड अशा रीतीनें आमच्या पडद्यावर येऊन बसलें आहे.

पण आमच्या वाचकांस याहून जवळचा दाखला पेढीवरचा आहे. जुन्या व्यापाऱ्यांकडे कीर्द व खतावणी अशा दोन वह्या असत. कीर्दींत रक्कम जशी आली-गेली तशी दिवसाच्या क्रमानें लिहावयाची. मग तीच रक्कम खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडावयाची. गिटची यादी ही आमची कीर्द, आणि प्रात्यक्षिक ही खतावणी. सावकारापुढें कोणी कीर्दच वाचूं लागला तर तो जांभया देईल. उलट कीर्द न उघडतां कारकुनानें खतावणी लिहिली तर तो त्यास पेढीवरून घालवून देईल.

हा दुसरा अपराध आमच्या हातून एकदां घडला आहे. एका रुग्णालयाच्या औषधसाठ्याची आज्ञावली रचण्याचें काम आमच्या तुकडीकडे होतें. मुदत संपत आलेल्या औषधांची सूचना आपोआप देण्याची सोय आम्हीं त्या पंधरवड्यांत केली होती. प्रात्यक्षिकाच्या दिवशीं सकाळीं यादी न पाहतां, स्मरणावर भिस्त ठेवून, आम्हीं दाखवावयाच्या गोष्टी एका कागदावर उतरून काढल्या. त्यांत ही सोय अर्थातच पहिली. रुग्णालयाच्या मेट्रनबाई स्वतः आल्या होत्या. यापुढें मुदत संपण्याच्या तीस दिवस आधींपासून पडद्यावर तांबडी सूचना दिसेल, असें आम्हीं मोठ्या ऐटींत सांगितलें. बाई म्हणाल्या, "दाखवा बघूं." आम्हीं कळ दाबली. कांहीं दिसलें नाहीं. पुन्हां दाबली, तरी नाहीं. तेव्हां मागें बसलेल्या एका तरुण सहकाऱ्यानें हलक्या आवाजांत सांगितलें कीं, ती सोय त्यानें दोन दिवसांपूर्वींच मागें घेतली आहे. कारण असें कीं, यंत्र दिनांक अमेरिकन रिवाजानें, म्हणजे महिना आधीं व दिवस मागून, वाचीत होतें. ०५/०६ म्हणजे ५ जून. तो त्यास ६ मे वाटे. ०६/०५ म्हणजे ६ मे. तो त्यास ५ जून वाटे. परिणामीं चांगल्या औषधावर तांबडी खूण येई आणि संपत आलेलें औषध महिनाभर निर्धास्त पडून राही. हें ध्यानांत येतांच त्यानें ती सोय काढिली व तसें नोंदींत स्वच्छ लिहिलें. लिहिणाऱ्यानें आपलें काम केलें होतें. वाचणारे आम्ही चुकलों.

मेट्रनबाई रागावल्या नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "मग माझ्या मुलींनीं वहींत तारखा लिहायचं थांबवायचं कीं नाहीं? मी उद्यां सांगणार होतें, कीं आतां वही बंद." त्या प्रश्नानें आमच्या अंगाला घाम सुटला. आम्ही त्या दिवशीं दाखविण्याचा प्रयत्न न करतां नुसतें सांगितलें असतें, व बाईंनीं विश्वास ठेवला असता, तर वही बंद पडून मुदत गेलेलें औषध एखाद्या रोग्यापर्यंत पोहोंचण्यास आमचें एक वाक्य कारण झालें असतें.

तेव्हांपासून आम्ही जी रीत पाळतों ती अशी. प्रथम हद्द ठरवावी. मागल्या प्रात्यक्षिकापासून आजपर्यंत, हें बोलावयास सोपें आहे, पण तारखेवरून नोंदी निवडल्या तर फसगत होते. एखाद्यानें आपला बदल तीन आठवड्यांपूर्वीं स्वतःच्या शाखेंत लिहून ठेवलेला असतो व मुख्य शाखेंत तो काल मिळविलेला असतो. नोंदीवर तारीख असते ती जुनी. म्हणून 'गेल्या पंधरा दिवसांचें' मागितलें कीं तो गळून पडतो. उलट कोणाचें काम कालच लिहिलें गेलें असेल पण अजून मुख्य शाखेंत आलेंच नसेल. तें दाखविणें म्हणजे न शिजलेलें अन्न वाढणें होय. यासाठीं प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या दिवशीं मुख्य शाखेवर एक खूणचिठ्ठी, जिला 'टॅग' म्हणतात, लावून ठेवावी, आणि पुढील वेळीं त्या चिठ्ठीपासून पुढचें तेवढें मागावें. गिट तें बिनचूक काढून देतें.

मग वाचन. समजा, यादींत बेचाळीस नोंदी निघाल्या. लिहिणारे शिस्तीचे असतील तर प्रत्येकीच्या आरंभीं नवी सोय, दुरुस्ती, अंतर्गत मांडणी, चाचणी असा प्रकार दिलेला सांपडतो. पण मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. 'दुरुस्ती', 'आणखी दुरुस्ती', 'आतां खरेंच दुरुस्त' अशा ओळीनें तीन नोंदी आम्हीं स्वतः वाचल्या आहेत, आणि खरें सांगावयाचें तर त्यांतली एक आमचीच होती. अशा ठिकाणीं नोंदीवरील शब्दांवर विसंबून चालत नाहीं. प्रत्यक्ष फरक उघडून पाहावा लागतो. त्यांत काढलेल्या ओळी उणेचिन्हानें तांबड्या व घातलेल्या ओळी अधिकचिन्हानें हिरव्या दिसतात. तरीही न उमगलें तर उठून त्या माणसापाशीं जावें व विचारावें. आमच्या अनुभवांत याहून स्वस्त उपाय नाहीं, पण तोच सर्वांत कमी केला जातो.

यादी नेहमीं शेवटापर्यंत वाचावी. मंगळवारीं घातलेली गोष्ट गुरुवारीं काढलेली असूं शकते, हें वरील हकीकतीवरून दिसलेंच आहे. गिटनें मागें घेतलेल्या बदलाच्या नोंदींत मूळ नोंदीचें नांव व खूण आपोआप येतात. म्हणून घातल्याची व काढल्याची अशा जोड्या प्रथम शोधून दोन्हींवर काट मारावी.

आज हें वाचन करून देणारींही यंत्रें निघालीं आहेत. सारी यादी त्यांच्यापुढें टाकिली कीं क्षणांत सुबक गोषवारा हातीं येतो. आम्हीही तीं वापरतों व त्यांचा उपयोग होतो. परंतु ज्या नोंदींत चुकीचें लिहिलें आहे तिचा गोषवारा चुकीचाच पण फार सफाईदार भाषेंत येतो. मेट्रनबाईंपुढें उभें राहावयाचें तें यंत्रानें नव्हे, आपण. म्हणून गोषवाऱ्यांतील प्रत्येक वाक्य आपण स्वतः कळ दाबून पाहिल्यावांचून कागदावर ठेवूं नये.

यानंतर खतावणी. प्रत्येक नोंदीस एकच प्रश्न विचारावा : पंधरवड्यापूर्वीं वापरणाऱ्यास जें करतां येत नव्हतें असें आज काय करतां येतें? शाळेच्या ग्रंथालयाची आज्ञावली घेऊं. पुस्तकाची मुदत वाढवून देण्याची सोय करण्यास सात नोंदी लागल्या असतील. पाहणाऱ्याच्या दृष्टीनें ती एकच गोष्ट आहे, आणि ती एखाद्या मुलाच्या नांवानें पुस्तक काढून, दिवस संपवून, मुदत वाढवून दाखविली म्हणजे दोन मिनिटांत समजते.

अवघड जागा येते ती न दिसणाऱ्या कामाची. आमच्या धंद्यांत अर्धेअधिक काम पायाच्या दगडांसारखें असतें. तुकडींतील एक बाई आठ दिवस खपून शोध घेण्याची पद्धत बदलतात. पडद्यावर काडीचाही फरक दिसत नाहीं. आणि प्रात्यक्षिकांत त्यांचें नांवही निघत नाहीं. हा अन्याय आम्हांस फार दिवस खटकत असे. त्यावर तोड गिटमध्येंच आहे. कोणत्याही जुन्या नोंदीपाशीं जाऊन त्या दिवशींची आज्ञावली जशीच्या तशी पुन्हां उभी करतां येते. आम्हीं पंधरवड्यापूर्वींची आज्ञावली एका पडद्यावर व आजची दुसऱ्यावर चालविली, दोहोंत एकाच औषधाचें नांव घातलें आणि दोन्ही कळा एकदम दाबल्या. नवीनें लागलीच उत्तर दिलें. जुनी चाकासारखी फिरत राहिली, आणि सगळी मंडळी गप्प बसून तिची वाट पाहूं लागली. त्या शांततेंत त्या बाईंच्या आठ दिवसांचा हिशेब पुरा झाला.

पूर्वतयारीच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. दाखविण्यासाठीं खऱ्या माणसांची माहिती कधीं वापरूं नये. रोगी असोत वा विद्यार्थी, बनावट नांवें घालावीं, पण तीं खऱ्यासारखीं लांब व जोडाक्षरांचीं असावीं, नाहींतर अक्षरें चौकटीबाहेर जातात तें आयत्या वेळीं कळतें. आदल्या संध्याकाळीं एक नोंद नक्की करून तिच्यावर चिठ्ठी लावावी व त्यानंतर एक अक्षर बदलूं नये. 'एवढेंच एक करतों' म्हणून रात्रीं अकरा वाजतां केलेल्या बदलानें जितकीं प्रात्यक्षिकें बुडालीं असतील तितकीं विजेनें बुडालीं नसतील. ज्या यंत्रावर व ज्या प्रोजेक्टरवर दाखवावयाचें त्यांवरच एकदां आरंभापासून शेवटपर्यंत रंगीत तालीम करावी.

येथें एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ९ जानेवारी २००७ रोजीं स्टीव्ह जॉब्स यांनीं आयफोन प्रथम लोकांपुढें आणिला, तेव्हां तें यंत्र अजून कच्चें होतें. त्या कामांतील एका अभियंत्यानें पुढें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें, क्रिया अमक्याच क्रमानें केल्या तर तें बंद पडत नसे, क्रम बदलला तर पडे. म्हणून तो सुरक्षित क्रम शोधून त्याच वाटेनें सारें प्रात्यक्षिक नेण्यांत आलें. याचें पुष्कळ कौतुक होतें. आमचें मत थोडें निराळें आहे. नवी वस्तु विकावयास काढतांना व्यापारी काय करितो तो त्याचा प्रश्न. पण ज्यांच्याबरोबर आपण रोज काम करितों, व जे आपल्या बोलावर आपली वही बंद करणार आहेत, त्यांस वाट कोठपर्यंत पक्की आहे व कोठें खड्डा आहे हें सांगितलेंच पाहिजे. 'हा भाग अपुरा आहे' असें म्हटल्यानें कोणाची अब्रू गेलेली आम्हीं पाहिली नाहीं. आयत्या वेळीं यंत्र रुसेल म्हणून आधीं चित्रफीत घेऊन ठेवण्यास हरकत नाहीं. मात्र ती लावली तर ती चित्रफीत आहे हें सांगावें.

शाळेच्या प्रदर्शनांत आणखी एक गोष्ट घडते. चार मुलांची तुकडी असली कीं बोलका मुलगा पुढें होतो, आणि ज्यानें रात्रीं जागून चूक शोधिली तो पाण्याचे पेले भरीत मागें उभा राहतो. मुलें गिट वापरीत असलीं तर कोणीं काय केलें हें यादींत नांवानिशीं असतें. ज्यानें केलें त्यानेंच तें दाखवावें, मग तो अडखळला तरी चालेल, असा नियम आम्ही आमच्या तुकडींत केला आहे. पालकांसही आमची एक विनंति आहे. आपल्या मुलास 'यांतलें तुझें काय?' असें विचारण्याऐवजीं 'तुझी एक नोंद उघडून दाखव' असें म्हणावें. मूल जें दाखवील तें कदाचित् तीनच ओळींचें असेल; त्यापाशीं थोडा वेळ थांबावें.

मेट्रनबाईंची हकीकत अर्धी राहिली. पुढील पंधरवड्याच्या प्रात्यक्षिकांत आम्हीं पहिलेंच वाक्य असें बोललों कीं, मुदतीची सूचना अजून तयार नाहीं, वही चालूं ठेवावी. त्याच्या पुढील खेपेस ती तयार झाली, व ती मागें घेणाऱ्या त्या तरुणानेंच ती दाखविली. त्याचा आवाज कांपत होता. बाई या वेळीं आपली वही बरोबर घेऊन आल्या होत्या. त्यांनीं साठ्याची खरी यादी आपल्या समक्ष आंत घालावयास लाविली, चष्मा लावून वहींतील एकेक नांव उच्चारलें आणि पडद्यावरच्या नांवाशीं ताडून पाहिलें. वहींत अकरा औषधें होतीं, पडद्यावर दहा आलीं. तो तरुण पांढराफटक पडला. पण शोध घेतां असें निघालें कीं, अकरावें औषध भांडारांतून दिलें म्हणून केव्हांच वजा झालें होतें व तें वॉर्डांतल्या कपाटांत पडून होतें. आणि वॉर्डांतल्या कपाटांची आमच्या आज्ञावलीस दादच नव्हती. त्या दिवशीं संध्याकाळीं पुढच्या कामांच्या यादींत पहिली ओळ चढली ती कपाटांची. बाईंनीं वही पिशवींत ठेविली आणि ती आणखी दोन महिने चालविली.